जहाजाच्या कुशीवरची रेघ

मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या एखाद्या मालवाहू जहाजाकडे नीट पाहा. त्याच्या कुशीवर, अगदी मध्यभागी, एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसेल. रंगाऱ्याची काही खूण असावी, असेच कोणालाही वाटेल. पण या साध्या रेघेसाठी एका माणसाने इंग्लंडचे पार्लमेंट हादरवून सोडले होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे काही जहाजमालक कोळसा, लाकूड, धान्य यांनी जहाजे काठोकाठ भरीत. बैलगाडीत पेलवेना इतके ओझे लादले आणि गाडी मोडली, तर नुकसान गाडीवाल्याचेच. इथे न्याय उलटा होता. जहाज पोहोचले तर भाडे जास्त, बुडाले तर विम्याची रक्कम हाती! बुडायचे ते खलाशांनी. असल्या जहाजांना लोक ‘शवपेट्या’च म्हणत. करारावर सही केल्यानंतर जहाजावर चढायला नकार दिला, तर खलाशाच्या नशिबी तुरुंग येई.

सॅम्युएल प्लिमसोल हा कोळशाचा व्यापारी. १८६८ साली तो डर्बी शहरातून पार्लमेंटवर निवडून आला. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले आणि लोकमत खवळले. तरीही जुलै १८७५ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचे विधेयक मागे ठेवले. प्लिमसोलचा संयम सुटला. खलाशांना मृत्यूच्या दारात लोटणाऱ्या नराधमांचे बुरखे फाडीन, असे तो भर सभागृहात गरजला. आठवड्याने त्याने भाषेबद्दल क्षमा मागितली. मजकुराबद्दल मात्र नाही.

१८७६ साली कायदा झाला. जहाजावर रेघ हवीच. पण ती कोठे काढायची हे मालकानेच ठरवायचे! एका कप्तानाने ती चक्क धुराड्यावर रंगवली, असे सांगतात. ही पळवाट बुजायला १८९० साल उजाडावे लागले. १९३० साली अनेक राष्ट्रांनी मिळून हा नियम मान्य केला.

वर्तुळाशेजारच्या लहान रेघांचेही शास्त्र आहे. गोड्या पाण्यात जहाज खाऱ्या पाण्यापेक्षा खोल बसते, म्हणून तिथली रेघ वर. उष्ण समुद्रात थोडे अधिक ओझे चालते. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक खवळलेला, म्हणून तिथली रेघ लहान जहाजांसाठी सर्वांत खाली.

प्लिमसोल १८९८ साली वारला. लंडनला थेम्सच्या काठी त्याचे स्मारक आहे. १९२९ साली ते खलाशांच्या संघटनेने उभारले. पण त्याचे खरे स्मारक बंदरोबंदरी हिंडत असते. पाण्यापासून डेकपर्यंत जहाजाची जी कूस कोरडी राहते, ती पाहून हिशेबी माणसाला वाटेल, इथे आणखी किती माल मावला असता! ती जागा रिकामी नाही. तिथे माणसांचे प्राण ठेवलेले आहेत.