झीलकऱ्याची कुळकथा

शाहिराच्या मागे उभे राहून त्याच्या कडव्याचे शेवटचे शब्द वरच्या पट्टीत उचलणारा आणि लांबवणारा गायक म्हणजे झीलकरी. तमाशाच्या फडात त्यालाच सुरत्या असेही म्हणतात. जुन्या लहान ताफ्यात तो केवळ गायक नसे, तर तुणतुणे किंवा झांजही बहुधा त्याच्याच हाती असे, त्यामुळे शाहीर, ढोलकीवाला आणि दोन झीलकरी एवढ्या चौघांवर खेळ उभा राहू शके. पाश्चात्त्य गायक-चौकडीत चार गळे चार निरनिराळे स्वर एकाच वेळी धरतात. झीलकरी मात्र मिळून एकच स्वर धरतात.

ही झील धरण्याची रीत सौंदर्यासाठी जन्मली असे मानण्यापेक्षा गरजेतून जन्मली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. उघड्या मैदानात, ध्वनिवर्धकाविना, रात्रभर गाणाऱ्या शाहिराला दम घ्यायला, पुढची ओळ आठवायला आणि श्रोत्यांचा कल जोखायला उसंत लागे, ती झीलकऱ्यांच्या ‘जी जी’चा घोष पुरवीत असे; शिवाय टिपेचा स्वर गर्दीच्या टोकापर्यंत पोहोचे. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव गुंफतो, झीलकऱ्याला सहसा तशी जागा नसते, आणि १८९१ साली संग्राहक ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी पोवाडे छापून काढले तेव्हा कागदावर शब्द उतरले, तो लांबवलेला स्वर उतरला नाही.

बोलपटाने हे गणित बदलले. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाच्या काळात नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक चौकटीबाहेर बसत, तर कोणाचा आवाज किती उमटावा हे मुख्यतः मायक्रोफोनपासूनच्या अंतरावर ठरे. अशा व्यवस्थेत मैदानासाठी कमावलेला खडा गळा सोयीपेक्षा अडचणच अधिक. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि पुढे झीलकऱ्याचे दोन तुकडे झाले: पडद्यावर तुणतुणे छेडणारा एक, स्टुडिओत गाणारा दुसरा. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या तमाशापटांपर्यंत येताना दम पुरवण्याचे मूळ काम संपले होते, कारण ध्वनिमुद्रणात मुख्य गायकाला त्याची गरजच नव्हती. तरीही झील राहिली, कारण तिच्यावाचून प्रेक्षकाला तमाशाचे गाणे तमाशाचे वाटेना. श्रेयनामावलीत मात्र ‘आणि साथीदार’ एवढ्यावरच बहुधा भागे, आणि ही कंजूषी अक्षम्यच म्हणावी लागेल.

पडद्याबाहेर, पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांत, तमाशाच्या परंपरेच्या दोन शाखा जवळजवळ नांदतात. गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम पाळणाऱ्या ढोलकी-फडाचा वारसा शिरूर तालुक्यातील कवठे येमाईशी जोडलेला आहे; फडांसाठी गीते व वगनाट्ये लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुल्याला कला केंद्रे आहेत, तिथे संगीत बारी चालते, म्हणजे पेटी, तबला आणि ढोलकीच्या साथीने स्त्रियांनी बैठकीत सादर केलेली लावणी. तिथे उभ्या सुरत्यांची जागा मागे बसलेल्या सहकारी गायिकांनी घेतलेली दिसते. पुढची नाचताना गायची थांबली की मागच्या ओळ उचलतात.