बॅप्टिस्ट मंडळी : लोकसेवेची रीत आणि धर्मसेवकांचा चरितार्थ

देवकार्याला वाहून घेतलेल्या माणसाचा चरितार्थ कोणी चालवावा, हा प्रश्न प्रत्येक धर्मसमाजापुढे असतो. गोव्यात त्याची दोन जुनी उत्तरे परिचयाची आहेत. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादींतील देवळांत पुजारी, गुरव, वाजंत्री, मडवळ आदी सेवेकऱ्यांना सेवेच्या मोबदल्यात कसण्यासाठी जमीन लावून दिलेली असे. जुन्या काबिजादींत चर्चच्या धर्मगुरूंचा भार पोर्तुगीज राजसत्तेने उचलला. १५४१ साली तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्नही चर्चच्या खर्चाकडे वळविण्यात आले. एक व्यवस्था जमिनीवर उभी होती, दुसरी राजाश्रयावर. प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांपैकी बॅप्टिस्ट पंथाने या दोहोंहून वेगळा मार्ग धरला. त्याचा आधार केवळ सभासदांच्या स्वेच्छेच्या दानावर आहे.

या पंथाचा उगम सतराव्या शतकातील इंग्रज धर्मसुधारकांत आहे. जॉन स्मिथ व थॉमस हेल्विस यांनी १६०९ साली ॲमस्टरडॅम येथे पहिली मंडळी स्थापन केली. हेल्विस यांनी लवकरच इंग्लंडमध्ये परतून लंडनजवळ तशीच मंडळी उभी केली. अर्भकाला बाप्तिस्मा न देता, समज आलेल्या व्यक्तीने स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावरच तिला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा, हे या पंथाचे मुख्य तत्त्व. धर्म हा सदसद्विवेकाचा विषय असल्याने त्यात राजसत्तेने हस्तक्षेप करू नये, हे दुसरे. राजाचा अधिकार नाकारला की राजाचा पैसाही नाकारावा लागतो. धर्मसेवकांच्या चरितार्थाचा प्रश्न तेथूनच निर्माण झाला.

बॅप्टिस्ट पंथात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. तिच्यावर बिशपाची सत्ता नसते. सभासद सभेत एकत्र येऊन पाळकाची निवड करतात, त्याचे मानधन ठरवतात आणि वार्षिक हिशेब मंजूर करतात. जमाखर्च, गरिबांना मदत व रुग्णांची विचारपूस ही कामे सभासदांतून निवडलेले डीकन पाहतात. साप्ताहिक उपासनेतील अर्पण आणि मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याची प्रथा, म्हणजे दशमांश, हे उत्पन्नाचे प्रमुख साधन होय. अनेक मंडळ्या पाळकाला राहण्यास घर देतात. ज्या लहान मंडळ्यांना पूर्ण मानधन परवडत नाही, तेथे पाळक शिक्षकी, शेती किंवा अन्य व्यवसाय करून उपासनेचे काम सांभाळतो.

अशा दुहेरी आयुष्याचे उत्तम उदाहरण मराठी भाषेच्या इतिहासाशी निगडित आहे. विल्यम कॅरी हे इंग्लंडमधील मोल्टन गावच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. मंडळीकडून मिळणाऱ्या रकमेत घर चालत नसल्याने ते जोडे शिवत व मुलांना शिकवीत. १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी कॅरी बंगालला आले. तेथेही प्रारंभी त्यांनी नीळ कारखान्याच्या व्यवस्थापकाची नोकरी केली. १८०० साली ते डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे स्थायिक झाले व पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. या कामी पंडित वैजनाथ यांचे त्यांना साहाय्य लाभले. कॉलेजच्या वेतनातील कुटुंबापुरता अल्प भाग ठेवून बाकीची रक्कम ते मिशनच्या सामाईक निधीत घालीत. छापखाना, शाळा व १८१८ साली स्थापन झालेले श्रीरामपूर कॉलेज अशा कामांना या सामाईक मिळकतीचा मोठा आधार होता.

लोकसेवेचे कार्य देशाच्या अन्य भागांतही दिसते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात तेलुगू प्रदेशातील ओंगोल येथे जॉन क्लफ या अमेरिकी बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याच्या खोदाईचा मक्ता घेतला आणि उपाशी कुटुंबांना मजुरी मिळवून दिली. अन्नाच्या आशेने कोणी धर्मांतर करू नये म्हणून दुष्काळाच्या काळात त्यांनी बाप्तिस्मे थांबविले. दुष्काळ ओसरल्यावर मात्र ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. साहाय्य आणि धर्मप्रसार यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा वाद आजही संपलेला नाही. त्या वादाचे भान ओंगोलला तेव्हाही होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अलीकडच्या काळात बंगळूरच्या हेब्बाळ भागातील बॅप्टिस्ट रुग्णालय १९७३ पासून रुग्णसेवा करीत आहे.

ईशान्य भारतात या पंथाची मुळे खोल गेली आहेत. नागालँडमधील बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट अशा दोन्ही मंडळ्यांत मूठभर तांदळाची प्रथा रूढ आहे. घरातील स्त्री प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी एक मूठ तांदूळ बाजूला काढते. साठलेले तांदूळ मंडळीकडे जमा होतात व त्यांच्या विक्रीतून धर्मसेवक आणि सेवाकार्य यांचा खर्च चालतो. रोख पैसा हाती नसलेल्या कुटुंबालाही या रीतीने दात्याचा मान मिळतो.

या व्यवस्थेचे बळ आणि उणीव एकाच ठिकाणी आहे. पाळक आपल्या मंडळीला थेट उत्तरदायी राहतो, पण मंडळी लहान वा गरीब असली की त्याचे आजारपण, मुलांचे शिक्षण आणि वृद्धापकाळ अधांतरी राहतात. वरिष्ठ सत्ता नसल्याने बदलीची किंवा निवृत्तिवेतनाची हमी आपोआप मिळत नाही. म्हणून अनेक ठिकाणी स्वायत्त मंडळ्यांनी स्वेच्छेने संघ स्थापून प्रशिक्षण, निवृत्तिनिधी व दुर्बल मंडळ्यांना साहाय्य यांची तजवीज केली आहे. दान न देणाऱ्यावर सक्ती नसते. त्यामुळे हिशेबाची पारदर्शकता हीच वसुलीची खरी शक्ती ठरते.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीनुसार महाजनांच्या निवडलेल्या समितीकडे असतो आणि तालुक्याचे मामलेदार प्रशासक म्हणून त्यावर देखरेख ठेवतात. बॅप्टिस्ट मंडळीत सभासदत्व वंशाने मिळत नाही आणि अंदाजपत्रक सरकारी अधिकाऱ्यापुढे जात नाही, हा ठळक फरक. दोन्हीकडे एक अडचण मात्र समान आहे. उत्सवासाठी, मंडपासाठी वा नव्या इमारतीसाठी वर्गणी सहज जमते, पण रोज पहाटे दार उघडून दिवा लावणाऱ्याच्या मासिक मानधनासाठी ती तितक्या सहजतेने जमत नाही. पेडणे असो, डिचोली असो वा दूरचे लुंगलेई, धर्मसंस्था किती दृढ आहे हे तिच्या कळसापेक्षा वा मनोऱ्यापेक्षा तिच्या सेवेकऱ्याच्या घरातील चुलीवरून अधिक अचूक कळते.