कुत्रा व मांजर : रोगप्रतिबंधक निगेचा इतिहास

प्राणी आजारी पडण्याची वाट न पाहता ठराविक वयात व ठराविक अंतराने त्याला लसी टोचणे, कृमिघ्न औषधे देणे आणि त्याची तपासणी करणे यास रोगप्रतिबंधक निगा असे म्हणतात. कुत्रा व मांजर यांच्या बाबतीत ही प्रथा फार जुनी नाही. पहिले पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समधील लीआँ येथे क्लोद बूर्झला यांनी १७६१ मध्ये स्थापन केले. तेथे व नंतर निघालेल्या इतर विद्यालयांत घोडे आणि गुरे यांनाच महत्त्व होते. कारण सैन्य, शेती व वाहतूक त्यांच्यावर अवलंबून होती. कुत्र्याकडे वैद्यकाचे लक्ष प्रथम वेधले गेले ते त्याच्याविषयीच्या ममत्वापेक्षा त्याच्या चाव्याच्या भयामुळे. ह्यामुळे कुत्र्याच्या प्रतिबंधक निगेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात अलर्क रोगाच्या (पिसाळ रोगाच्या) प्रतिबंधाचा इतिहास आहे. मांजराचा समावेश त्यात बराच उशिरा झाला.

पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आले असून दंश झालेल्या माणसास पाण्याची भीती वाटू लागणे हे मृत्युसूचक लक्षण म्हणून तेथे सांगितले आहे. रोमन ग्रंथकारांनी प्रतिबंधाचे उपायही सुचविले होते. पिल्लू चाळीस दिवसांचे झाले म्हणजे त्याच्या शेपटीचे टोक तोडावे, मग ते पिसाळत नाही, असे कॉल्युमेला याने लिहिले आहे. कुत्र्याच्या जिभेखाली असणारी दोरीसारखी पेशीरचना म्हणजे रोग उत्पन्न करणारा किडा होय असे प्लिनी याच्या काळी समजले जाई, व ती पिल्लाच्या वयातच कापून काढीत. हा निरर्थक व क्रूर उपाय यूरोपात अठराव्या शतकानंतरही चालू होता. मात्र सुदृढ पिल्लावर ठराविक वयात एकदा उपाय करून त्याचे जन्मभर रक्षण करावे ही कल्पना त्यात दिसते. ती खरी ठरण्यास आणखी अनेक शतके जावी लागली.

रोगी कुत्र्याच्या लाळेतून रोग पसरतो, हे जर्मनीत त्सिंके यांनी १८०४ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. लीआँ येथील पशुवैद्य व्हीक्तॉर गाल्त्ये यांनी १८७९ मध्ये सशांना रोगाची लागण करून दाखविली आणि त्यामुळे प्रयोगशाळेत ह्या रोगाचा अभ्यास करणे सुकर झाले. ल्वी पाश्चर व एमील रू यांनी सशाच्या मेरुरज्जूचे तुकडे कोरड्या हवेत वाळवून त्यांची रोगकारकता क्रमाक्रमाने कमी केली व अशा तुकड्यांपासून लस तयार केली. पाश्चर यांचे नाव ९ वर्षांच्या झोझेफ माइस्टर याला ६ जुलै १८८५ रोजी सुरू केलेल्या उपचारामुळे सर्वतोमुखी झाले. तथापि ही लस प्रथम कुत्र्यांवरच वापरण्यात आली होती. पाश्चर यांनी संरक्षित केलेल्या कुत्र्यांची तपासणी शासनाने नेमलेल्या आयोगाने १८८४ मध्ये केली व त्या कुत्र्यांना रोग होत नाही असा निर्वाळा दिला. सर्वच कुत्र्यांना लस टोचली तर माणसाला रोग होण्याचे मूळच नाहीसे होईल, हे पाश्चर यांच्या ध्यानात आले होते. परंतु प्रत्येक कुत्र्याला अनेक दिवस रोज टोचणे आणि त्यासाठी लक्षावधी कुत्री गोळा करणे अशक्यप्राय होते. रोगाचा परिपाककाल दीर्घ असल्याने दंश झाल्यानंतरही माणसाला वाचविण्यास अवधी मिळतो, ह्याचा लाभ घेऊन त्यांनी दंश झालेल्या माणसावर उपचार करण्याचा मार्ग पतकरला. तो अत्यंत यशस्वी झाला. पण त्यामुळे कुत्र्याचे लसीकरण सु. ३५ वर्षे मागे पडले असे म्हणणे वावगे होणार नाही.

ह्या मधल्या काळात नियंत्रणाची साधने दोनच होती : मोकाट कुत्री मारणे आणि पाळीव कुत्र्यांच्या तोंडाला मुसके बांधणे. ग्रेट ब्रिटनमध्ये कृषिमंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी १८९७ पासून मुसक्याची सक्ती कठोरपणे अंमलात आणली व परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा नियम केला. श्वानप्रेमी मंडळींनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. परंतु १९०२ मध्ये तो देश रोगमुक्त झाला. पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ मध्ये रोग परत आला व १९२२ पर्यंत त्याचे पुन्हा निर्मूलन करावे लागले. हे सर्व लसीवाचून साध्य झाले ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र त्यासाठी समुद्राने वेढलेली भूमी, प्रत्येक कुत्र्याला धनी आणि दंड वसूल करणारी यंत्रणा ह्या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात.

एका टोचणीत काम भागेल अशी कुत्र्याची लस जपानमध्ये तयार झाली. उमेनो व दोई यांनी फिनॉल व ग्लिसरीन यांनी संस्कारित केलेल्या मेंदूच्या ऊतकाची लस वापरली व तिचे निष्कर्ष १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. फिनॉलने व्हायरस निष्क्रिय करण्याच्या रीतीवर इटलीत फेर्मी यांनी व भारतात कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी याआधीच काम केले होते. पुढे १९४८ मध्ये कोप्रोव्हस्की व कॉक्स यांनी फ्लूरी वाणाचा व्हायरस कोंबडीच्या गर्भात वाढवून दुर्बल केला आणि त्यापासून कुत्र्यांसाठी लस काढली. त्याच वर्षी अमेरिकेतील मेंफिस शहर व शेल्बी परगणा येथील साथ टिअर्कल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामूहिक लसीकरणाने आटोक्यात आणली. समूहातील सु. ७० टक्के कुत्री संरक्षित असली, तर रोगाची साखळी तुटते, हा आजही प्रमाण मानला जाणारा निकष ह्याच सुमारास रूढ झाला. जपानने १९५० मध्ये कायदा करून कुत्र्यांची नोंदणी व लसीकरण सक्तीचे केले, मोकाट कुत्री पकडली, आणि १९५७ नंतर तेथे प्राण्यांत हा रोग देशांतर्गत उद्‌भवलेला आढळला नाही.

अलर्क रोगाव्यतिरिक्त कुत्र्यांच्या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे डिस्टेंपर. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. गोस्तन देवीची लस टोचून कुत्र्यांना त्यापासून वाचविता येईल, अशी त्यांची समजूत होती. ती फोल ठरली. रोगकारक व्हायरसजन्य आहे हे फ्रान्समध्ये कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले, पण ते बराच काळ सर्वमान्य झाले नाही. ब्रिटनमधील शिकारी कुत्र्यांच्या मालकांचे ह्या रोगाने मोठे नुकसान होत असे. ‘द फील्ड’ ह्या नियतकालिकाने १९२३ च्या सुमारास निधी उभारला आणि त्यातून लेडलॉ व डंकिन यांना लंडनजवळील मिल हिल येथे संशोधन करता आले. फेरेट ह्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला डिस्टेंपर हटकून होतो, असे त्यांना आढळले व १९२८ पर्यंत लसीकरणाची पद्धत तयार झाली. शिकारीच्या हौसेतून निघालेल्या ह्या कामाचा माणसाला अनपेक्षित लाभ झाला : मिल हिल येथील फेरेटांच्या साहाय्यानेच १९३३ मध्ये मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस प्रथम वेगळा करता आला.

मांजरांच्या साथीच्या आंत्रशोथाचे कारण व्हायरस आहे हे १९२८ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाले. पुढे त्यावर लस निघाली. १९७८ मध्ये जगाच्या अनेक भागांत एकाच सुमारास कुत्र्यांत रक्ताच्या जुलाबांची भयंकर साथ उद्‌भवली. तिचा कारक पार्व्हो व्हायरस मांजराच्या ह्या व्हायरसाचा निकटचा आप्त निघाला. इतका की, कुत्र्यांची स्वतंत्र लस तयार होईपर्यंत मांजराचीच लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावून नेण्यात आली. नियमित लसीकरणाकडे कुत्र्यांच्या मालकांना वळविण्यास ही साथ फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली.

कृमिनाशनाचा इतिहास निराळा आहे. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात यकृतात पाण्याचे कोष होण्याचा हायडॅटिड विकार अतिशय आढळे. हाराल्ड क्राबे हे डॅनिश पशुवैद्य १८६३ मध्ये तेथे गेले व त्यांनी शवविच्छेदन केलेल्या कुत्र्यांपैकी सु. २८ टक्के कुत्र्यांत ह्या रोगाचा पट्टकृमी त्यांना सापडला. मेंढ्यांचे कोषयुक्त अवयव कुत्र्यांना खाऊ घालू नयेत, ते जाळावेत किंवा पुरावेत आणि कुत्र्यांना कृमिघ्न औषध द्यावे, असे सांगणारी त्यांची पुस्तिका घरोघरी वाटण्यात आली. दीर्घ हिवाळ्यात वाचनाची सवय असलेल्या ह्या साक्षर देशात ती वाचली गेली, हे तिच्या यशाचे एक कारण मानतात. १८६९ पासून कायदेही झाले व विसाव्या शतकात हा विकार तेथून नाहीसा झाला. रेक्याव्हीक शहरात तर १९२४ पासून साठ वर्षे कुत्रे पाळण्यासच बंदी होती.

प्रतिवर्षी लस टोचण्याची चाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तिच्यामागे प्रतिरक्षा किती काळ टिकते ह्याच्या मोजमापापेक्षा सोय अधिक होती. लसीच्या निमित्ताने प्राणी वर्षातून एकदा तरी पशुवैद्याच्या नजरेखालून जाई. अमेरिकेत १९९१ मध्ये मांजरांना लस टोचलेल्या जागी क्वचित मांसार्बुद (एक प्रकारचा कर्करोग) होतो, असे निदर्शनास आले आणि ह्या चालीची फेरतपासणी सुरू झाली. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात लसींचे आवश्यक व ऐच्छिक असे वर्ग केले असून डिस्टेंपर, पार्व्हो यांसारख्या आवश्यक लसी प्रौढ प्राण्यास तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याचे प्रयोजन नाही असे म्हटले आहे. पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात व ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात भिन्न असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन:पुन्हा टोचतात. एकच टोचणी पुरेशी मानणाऱ्या मालकांची पिल्ले दगावतात ती बहुधा ह्याच अज्ञानामुळे. अलर्क रोगाच्या लसीचे अंतर मात्र रोगाच्या प्रादुर्भावावर व स्थानिक कायद्यावर अवलंबून असते.

भारत : भारतात ह्या विषयाला आरंभापासूनच धार्मिक व सामाजिक पैलू आहेत. मुंबईत मोकाट कुत्री मारणाऱ्यांस प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस देण्याची पद्धत होती. १८३२ च्या जून महिन्यात हे मारेकरी पारशी वस्तीत शिरले तेव्हा दंगा उसळला. जरथुश्त्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असून मृतदेहाला कुत्र्याची नजर घडविण्याचा सगदीद नावाचा विधी आहे. दुकाने बंद झाली, इंग्रजांकडे जाणारा अन्नपुरवठा अडविला गेला व अखेर लष्कर बोलवावे लागले. एरवी कंपनी सरकारशी सलोख्याने वागणाऱ्या समाजाने कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरावे, हे तत्कालीन अधिकाऱ्यांस आश्चर्यकारक वाटले. पारशी दातृत्वातूनच पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले व तेथे १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

कसौली येथे १९०० मध्ये व कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाल्या. सेंपल यांनी १९११ मध्ये काढलेली मेंढीच्या मेंदूपासूनची लस भारतात माणसांना २००४ पर्यंत टोचली जात होती. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहेत. दंश झालेल्या माणसावर उपचार आणि मोकाट कुत्र्यांची हत्या अशी ही दुहेरी पद्धत होती. कुत्र्याला लस टोचण्याचा विचार पाळीव कुत्र्यांपुरता व तोही सधन घरांपुरता मर्यादित राहिला. मुंबई महानगरपालिका कित्येक दशके कुत्री मारीत होती. तरी त्यांची संख्या घटली नाही, कारण उकिरड्यावरचे अन्न तसेच राही आणि रिकाम्या झालेल्या जागी नवी कुत्री येत. १९९४ मध्ये ही हत्या थांबवून निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्याच धर्तीचे देशव्यापी नियम २००१ मध्ये झाले व त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्यात बदल करून निर्बीजीकरण, लसीकरण व कृमिनाशन झालेली कुत्री, पिसाळलेली व आक्रमक वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले.

निर्बीजीकरण आणि लसीकरण ह्या दोहोंचा वेग सारखा नसतो, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते. एका शस्त्रक्रियेस शस्त्रक्रियागृह, भूल व नंतरची काही दिवसांची देखरेख लागते. लस टोचण्यास क्षणभर पुरतो. गोव्यात २०१४ पासून राज्य शासन व ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी ह्या फरकाचा उपयोग करून घेतला. धनी असलेल्या कुत्र्यांना दारोदार जाऊन आणि मोकाट कुत्र्यांना हातजाळ्यांत पकडून लस टोचून तेथेच सोडण्यात येते. लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करतात व पथकांची नोंद भ्रमणध्वनीवर होते. वर्षाला सु. एक लक्ष कुत्र्यांपर्यंत ही मोहीम पोहोचली व तिला शाळांतील शिक्षणाची आणि रोगी कुत्र्यांच्या तपासाची जोड देण्यात आली. २०१८ पासून पुढील काही वर्षे गोव्यात ह्या रोगाने एकही मनुष्य दगावला नाही व जून २०२१ मध्ये अलर्क रोग नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झालेले ते देशातील पहिले राज्य ठरले. केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कृतियोजनेत कुत्र्यांमार्फत होणाऱ्या अलर्क रोगाचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. गोव्याच्या महाराष्ट्र व कर्नाटक यांना लागून असलेल्या सीमा कुत्र्यांना खुल्या असल्याने तेथील लसीकरण दरवर्षी करावे लागते.