अभ्यासक्रमांचे तालिकापत्र

दर वसंतात व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका श्रोत्यांच्या हाती पडते. तीत दिनांक, वक्ते, विषय आणि अध्यक्ष असे रकाने असतात. एखादे नाव अपरिचित असले तरी ते वक्त्याचे की अध्यक्षांचे, याविषयी कोणाचा घोटाळा होत नाही; कारण रकानाच ते सांगतो. माहिती असणे ही एक गोष्ट, आणि ती ठरलेल्या रकान्यात असणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला स्वतःचा इतिहास आहे. आज कोणते शिक्षण कोणाच्या दृष्टीस पडते, हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असल्यामुळे तो इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्याचा आरंभ ग्रंथालयात होतो. कपाटात पुस्तक आहे, पण तालिकेत त्याचे कार्ड नाही, तर वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक नाहीच. म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1901 मध्ये छापील कार्डे इतर ग्रंथालयांना पुरवण्यास प्रारंभ केला. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, ते केवळ पुस्तके जमवण्यासाठी नव्हे; ती रयतेला सापडावीत यासाठी. पुढे 1931 मध्ये रंगनाथन यांनी आपल्या पंचसूत्रीत पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे कर्तव्य ठरवले.

मग यंत्र आले. 1960 नंतरच्या दशकात हेन्रिएट ॲव्रम या विदुषीने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कार्डावरील मजकूर संगणकास वाचता येईल असा साचा सिद्ध केला. 1995 मध्ये डब्लिन गावी एक परिषद भरली. हे डब्लिन आयर्लंडची राजधानी नव्हे, तर अमेरिकेच्या ओहायो राज्यातील गाव. तेथे ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांनी इंटरनेटवरील साहित्याच्या वर्णनासाठी मोजके रकाने ठरवण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढे त्यांची संख्या 15 झाली.

परंतु इंटरनेट हे ग्रंथालय नव्हते. तेथे ग्रंथपाल नव्हता, शोधयंत्र होते. समजा, एखाद्या रात्रवर्गाच्या पानावर ‘जून’, ‘6’ आणि ‘500’ एवढेच लिहिले आहे. माणूस आजूबाजूचा मजकूर वाचून ताडतो की, वर्ग जूनमध्ये सुरू होतो, सहा महिने चालतो आणि शुल्क पाचशे रुपये आहे. यंत्राला मात्र 6 म्हणजे महिने की संध्याकाळची वेळ, याची खात्री नसते. ही अडचण दूर करण्यासाठी गूगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू या एरव्हीच्या प्रतिस्पर्ध्यांनी जून 2011 मध्ये एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी रशियाचे यांडेक्सही त्यात सामील झाले. या कार्यातील एक अग्रणी रामनाथन गुहा हे मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी होते. पानाच्या दृश्य मजकुरामागे यंत्रासाठी या ठरीव शब्दांत टिपण ठेवावयाचे, अशी ही योजना होय.

शिक्षणाचे रकाने त्यात क्रमाने आले. 2011 मध्येच शैक्षणिक प्रकाशकांची एक अमेरिकन संघटना आणि क्रिएटिव्ह कॉमन्स यांनी शिक्षणसाहित्याच्या वर्णनाचा स्वतंत्र उपक्रम आरंभला. 2013 मध्ये त्याचे शब्द स्कीमात स्वीकारले गेले. ‘अभ्यासक्रम’ ही संज्ञा 2016 मध्ये दाखल झाली. तिच्या कर्त्यांनी एक मार्मिक भेद केला: अभ्यासक्रम वेगळा, आणि ठराविक जागी, ठराविक काळी भरणारा त्याचा वर्ग वेगळा. हिशेबलेखन हा अभ्यासक्रम. जूनमध्ये सुरू होणारा त्याचा संध्याकाळचा वर्ग हा त्याचा एक अवतार. विद्यार्थ्याला दोहोंची माहिती लागते.

या टिपणांच्या आधारे गूगलने शोधाच्या उत्तरांत अभ्यासक्रमांच्या याद्या दाखवण्यास आरंभ केला. संस्थेने निदान तीन अभ्यासक्रम नोंदवावेत, अशी अट होती. नंतर शुल्क व लागणारा वेळ यांसह अधिक तपशिलाचा प्रकारही आला. परंतु जून 2025 मध्ये गूगलने जाहीर केले की, हा तपशीलवार प्रकार इतर काही प्रकारांबरोबर बंद होणार. त्यांचा वापर कमी आहे आणि शोधणाऱ्यास त्यांचा फारसा अधिक लाभ होत नाही, हे कारण दिले गेले.

यातून काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी येथे वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. शब्दसंग्रह सर्वांचा आहे. प्रदर्शन हे एका कंपनीच्या मर्जीचे आहे. मर्जी फिरली म्हणून रकाने पुसले जात नाहीत; नीट केलेली नोंद दुसऱ्या कोणत्याही यंत्राला वाचता येते. म्हणून आपल्या गावच्या छोट्या संस्थांनी हे काम जाहिरात समजून नव्हे, तर तालिकापत्र समजून करावे. मोठ्या संस्थेजवळ जाहिरातीला पैसा असतो. रात्रवर्गाजवळ तो नसतो. त्याला नोंदीचाच काय तो आधार. तो वर्ग सापडला नाही, तर नुकसान संस्थेपेक्षा दिवसा काम करून रात्री शिकू पाहणाऱ्या मुलाचे अधिक होते.

मात्र रकाना भरला म्हणजे शिकवणे चांगले झाले, असे कोणी समजू नये. तालिकेने वाचकाला पुस्तकापर्यंत न्यावे. पुस्तकात काही असले पाहिजे, ही जबाबदारी लेखकाचीच.