मायकोबॅक्टेरियम हीमोफिलम संसर्ग
क्षयरोग व कुष्ठरोग यांच्या जंतूंचा सगोत्र, पण त्यांहून वेगळा असलेल्या जंतूमुळे होणारा दुर्मिळ संसर्ग. हॉजकिन रोग (लसीका ऊतकाचा कर्करोग) झालेल्या इस्राएलमधील एका स्त्रीच्या त्वचेवरील व्रणांतून मिळालेल्या या जंतूचे वर्णन १९७८ मध्ये प्रथम करण्यात आले. एड्स, अवयवरोपण इत्यादींमुळे प्रतिकारक्षमता खालावलेल्या रुग्णांत तो मुख्यतः हातापायांच्या त्वचेवर गाठी व व्रण निर्माण करतो, कारण शरीराच्या तुलनेने थंड भागांत तो अधिक सहज वाढतो. त्याच्या संवर्धनासाठी, म्हणजे प्रयोगशाळेतील वाढीसाठी, लोहयुक्त माध्यम आणि ३०° ते ३२° से. तापमान लागते, त्यामुळे ३७° से. तापमानातील नेहमीच्या चाचणीत तो बहुधा उगवत नाही आणि निदान हुकते. संशय येताच वैद्याने प्रयोगशाळेला तशी स्पष्ट सूचना देणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. क्लॅरिथ्रोमायसीन, रिफँपिसीन इत्यादी औषधे एकत्रितपणे अनेक महिने द्यावी लागतात. क्षयरोगावरील एथँब्युटॉल मात्र निष्प्रभ ठरते.