मॅगीसाहेब आणि आमची पिठी

इतिहासाशी माझा संबंध शाळेत पस्तीस मार्कांपुरता आला आणि तिथंच गोडीगुलाबीनं संपला. पुढं मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि व्हाउचर नसेल तर व्यवहार झालाच नाही, असं मानणाऱ्या जमातीत जमा झालो. इतिहास लिहिण्याची दुर्बुद्धी मला या वयात सुचली ती लेकीच्या बॅगेमुळं.

लेक शिकायला पुण्याला निघाली होती. बॅगेत तिनं सूपची दहा पाकिटं भरली होती. माझ्या आईनं त्यातलं एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"ह्या काय गो?"

"सूप, आजी. डाळीचं पीठ, मीठ-मसाला सगळं आतच. पाण्यात घालून उकळलं की झालं."

"मगे पिठी काय येगळी आसता?" असं म्हणून आईनं कुळथाच्या पिठीची बाटली त्या पाकिटांवर ठेवली.

मी हसलो. रात्री मात्र झोप येईना. म्हातारीचा मुद्दा बिनतोड होता.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. आमच्या मालवणकडं भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ होतो. तो भाजायचा, जात्यावर भरडायचा, टरफलं पाखडायची आणि डाळ बारीक दळायची. कुणी त्यात धणे-जिरे घालतात, कुणी नाही. यावरून सोयरिकी मोडल्याचं ऐकिवात नाही, पण टोमणे पिढ्यान् पिढ्या चालतात. दळलेलं पीठ कोरड्या बाटलीत भरलं की वर्षाची बेगमी झाली. लसणीची फोडणी, पाणी, पीठ, दोन सोलं, मीठ. दहा मिनिटांत पिठी तयार. सोबत भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, मासळीचं नाव निघत नाही, तेव्हा सारा किनारा या बाटलीवर तगतो.

आता मॅगीसाहेबांकडे वळू. हे गृहस्थ शेवयांचे व्यापारी असावेत, अशी माझी बालपणापासून समजूत. प्रत्यक्षात ज्युलियस मॅगी हे स्वित्झर्लंडमधले पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या देशात बाया कारखान्यांत राबू लागल्या, रांधायला वेळ उरेना, कामगारांच्या पोटात धड काही जाईना. तेव्हा कडधान्य स्वस्त आणि पौष्टिक, हे ओळखून साहेबांनी 1886 साली वाटाण्याच्या आणि घेवड्याच्या पिठाची तयार सुपं बाजारात आणली. म्हणजे काय केलं? पिठीच की!

ते पहिलेही नव्हेत. जर्मनीत क्नोर यांनी 1873 साली सुकी सुपं विकायला काढली होती. त्याआधी 1867 साली बर्लिनमध्ये वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला यांची एक वळकटी निघाली. 1870 च्या लढाईत प्रशियाचे सैनिक तिचे तुकडे पाण्यात उकळून फ्रान्सवर चालून गेले.

आणि कुळीथ? दक्षिण भारतातल्या उत्खननांत नवाश्मयुगातले, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे जळके कुळथाचे दाणे सापडले आहेत. चरकसंहितेत तो 'कुलत्थ' नावानं आहे. फोडणीतली मिरची मात्र कालची पोर. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. पण भाजून दळून ठेवण्याची युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली, ते कुठंच लिहिलेलं नाही. मॅगीसाहेबांनी बिलं फाडली, जाहिराती दिल्या, म्हणून त्यांची नोंद झाली. आमच्या बायांनी जातं ओढलं. त्याची पावती कोण देणार?

आमच्याच घरचा खातेउतारा पाहा. बाबा मुंबईला गिरणीत होते. गावाहून पिठीचा डबा जायचा, मुंबईहून मनिऑर्डर यायची. मनिऑर्डरीची पावती आईनं ट्रंकेत जपून ठेवली. डब्याची पावती नव्हतीच.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कित्येकांनी कोकणातलं आपापलं गाव गाठलं. त्यात बाबाही होते. मी तेव्हा दोन वर्षांचा. मनिऑर्डर थांबली, बाटली मात्र थांबली नाही. आई सांगते, दोन पावसाळे आम्ही पिठी-भातावर काढले. माणूस वाढलं की पाणी वाढवायचं, पीठ तेवढंच. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही; बाबाही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आणि ऐन त्या दिवसांत, 1983 साली, मॅगीसाहेबांचं नाव भारतात अवतरलं ते कडधान्य विसरून, शेवया घेऊन!

एवढा अभ्यास झाल्यावर माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. पीठ वेगळं, सोलं वेगळी, लसूण वेगळी हा कारभार कशाला? बँकांची विलीनीकरणं पाहून माझी दृष्टी विशाल झालेली. मी पीठ, सोलं, तळलेली लसूण आणि सुकं खोबरं एकाच बाटलीत विलीन केलं. महिन्यानं झाकण उघडलं तर आत हिरवी बुरशी, आणि खोबऱ्याला खवट वास. सोलं वाळलेली दिसली तरी मिठामुळं हवेतली ओल ओढतात, ती पिठाला देतात. आणि ओल मिळाली की बुरशीला आमंत्रण लागत नाही. आईनं बाटली हुंगली. "सुक्याक सुक्यावांगडा ठेवचा," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी पाहिलं, बाटली धुताना तिचे हात कापत होते. यंदा जातं तिनं ओढलं नव्हतं, दळण गिरणीतून आलं होतं. मी वही घेऊन बसलो.

"कुळीथ किती वेळ भाजायचे?"

"वास येयपर्यंत."

"जिरं किती?"

"लागता तितक्या."

मी बँकेच्या सवयीनं लिहिलं: 'आवश्यकतेनुसार'. मग लेकीच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. पदार्थ, वजन, तारीख, तयार करणाराचं नाव. चार हजार वर्षांत पिठीची ही पहिलीच रीतसर नोंद, असं मी अभिमानानं जाहीर केलं.

"मेल्या," आई म्हणाली, "खातला ता पोर. कोणी केली ता ताका म्हायत नाय?"

आठवड्यानं पुण्याहून फोन आला. "बाबा, पिठीत गुठळ्या झाल्या!"

मी वही उघडली. प्रमाण होतं, वजन होतं, तारीख होती. गुठळ्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. मुकाट्यानं फोन आईच्या हातात दिला.

"गो चेडवा, पीठ आदी थंड पाण्यात कालव. मगे चुलीर घाल, आनी उकळी येयपर्यंत हात थांबवू नको."

तिकडं हसणं ऐकू आलं. इकडं मी वहीत नोंद करून घेतली. खाली सही करायला आईपुढं पेन धरलं, पण ती अजून फोनवरच होती.