हिमाला पुरून उरलेलं द्राक्ष

श्रोते हो, उभं पीक करपलं म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाचं काय होतं, हे तुम्हांला मी काय सांगावं? १७०९ सालच्या जानेवारीत फ्रान्सवर असाच घाला आला. नद्या गोठल्या, धान्य गेलं, माणसं दगावली. लुआर नदीच्या मुखाजवळ, नांत शहराभोवतीचे बहुतेक द्राक्षमळेही मेले.

आता लावायचं काय? शेतकऱ्यांनी भिस्त ठेवली बर्गंडी प्रांताहून आलेल्या ‘मलों’ या पांढऱ्या द्राक्षावर. मायभूमीत त्याला फारसा मान नव्हता. पण ते थंडीला दाद देत नसे आणि लवकर पिके. गिऱ्हाईकही तयार होतं. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी पांढरी वाइन हवी असे.

या द्राक्षाच्या वाइनला ‘मुस्कादे’ म्हणतात. पुष्कळदा ती हिवाळाभर तळाच्या गाळावरच राहू देतात. त्यानं चव भरते. ती हलकी, आंबटसर असते. अटलांटिक समुद्र जवळच, तेव्हा तिची जोडी जमली कालवांशी आणि मासळीशी. खारट कालवावर लिंबू पिळावं, तसं ती काम करते. सेव्र-ए-मेन भागातल्या मुस्कादेला १९३६ साली सरकारी मान्यता मिळाली.

पुढे १९९९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मलों आणि जगप्रसिद्ध शार्दोने ही सख्खी भावंडं आहेत. नांतच्या शेतकऱ्याला ही सोयरीक ठाऊक नव्हती. हिमात काय टिकतं, एवढंच त्यानं पाहिलं, आणि मळा पुन्हा उभा केला.